शेजाऱ्याने बोअर मारली, मीही मारू का?

प्रश्न : शेजाऱ्याने माझ्या विहिरीलगत खोल बोअर घेतली. आता दिवाळीनंतरच विहीर तळ गाठते. मीही बोअर घ्यावी का? – एक शेतकरी, पारनेर तालुका

उत्तर : दादा, घेऊ नका. खालचं पाणी दोघांचं एकच आहे; तुम्ही खोल गेलात की तो आणखी खोल जाणार. तुमच्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव पाहून या. तिथले सरपंच राहिलेले पोपटराव पवार आणि ग्रामस्थांनी शेतीसाठी बोअर बंद केली. पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात: आधी माणसं-जनावरं, मग पिकं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण पीक ठरतं ते पाणी मोजल्यावर.

राज्याचा २००९ चा भूजल कायदाही साठ मीटर आणि त्याहून खोल विहिरींना आळा घालतो, पण शेजाऱ्याशी आधी बोला. त्याला सोबत घेऊन वाडीतल्या सगळ्या विहिरी एकाच सकाळी मोजा, मोटर सुरू करण्याआधी. दोरीला दगड बांधून सोडा, काठापासून ओल्या खुणेपर्यंतची कोरडी दोरी मोजा, वहीत लिहा. ती वही घेऊन रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत जा आणि जास्त पाणी पिणाऱ्या उसाचा विषय तिथेच काढा.