गाडीतला आवाज सुधारायचाय? आधी दार बघा

सबवूफर (फक्त खालचे, जड सूर वाजवणारा मोठा स्पीकर) घ्यायची घाई करू नका, नव्यांची पहिली चूक हीच असते. आधी पुढच्या दोन स्पीकरवर खर्च करा, आणि त्याहीआधी दारांवर. आतला पत्रा थरथरत असेल, त्यातली भोकं उघडी असतील, तर स्पीकरच्या मागचा आवाज पुढच्याला मारतो आणि बेस (खालचे सूर) गायब होतो. पत्र्याला डॅम्पिंग शीट (थरथर शोषणारी चिकट शीट) चिकटवा, आतल्या पत्र्याची भोकं बंद करा, स्पीकर घट्ट बसवा. (दाराच्या तळाशी पाणी निचरायची भोकं असतात, ती मात्र उघडीच ठेवा!) कंपनीच्या साध्या स्पीकरमध्येही एवढ्याने फरक पडतो, करून बघाच.

मग एवढं तपासा:

- स्पीकरच्या वायरचे प्लस-मायनस दोन्ही बाजूंना सारखे जोडलेत ना? एक उलटा असेल तर बेस पोकळ होतो.
- अँप्लिफायरचा गेन (आलेला सिग्नल किती वाढवायचा ती सेटिंग) म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. तो हेड युनिटच्या (डॅशबोर्डवरच्या स्टिरिओच्या) आउटपुटशी जुळवायचा असतो. उगाच वाढवलात तर आवाज फाटतो, ट्वीटर (वरच्या सुरांचे छोटे स्पीकर) जळू शकतात.
- खोक्यावरचे पीक वॉट (क्षणभराची कमाल ताकद) सोडा, आरएमएस (सतत पेलवणारी ताकद) वाचा.

क्रॉसओव्हर (कुठले सूर कुठल्या स्पीकरला द्यायचे), टाइम अलाइनमेंट (सगळ्या स्पीकरचा आवाज कानापर्यंत एकाच वेळी पोचवणं) सध्या नको. आठवडाभर इक्वलायझर (सूर कमी-जास्त करायची सेटिंग) सपाट, म्हणजे सगळं शून्यावर ठेवून ओळखीची गाणी ऐका आणि काय खटकतं ते मला सांगा, मग पुढचं ठरवू.