लिस्बनमध्ये देवदर्शन आणि शाकाहार

प्रश्न : येत्या जूनमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन आम्ही चार दिवस लिस्बनला जाणार आहोत. दोघेही शाकाहारी असून अंडेही खात नाहीत. सासूबाईंना देवदर्शनाची ओढ आहे, तर मला शहराचा इतिहास समजून घ्यायचा आहे. दोन्हींचा मेळ कसा घालावा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : लिस्बनमध्ये हा मेळ मुद्दाम घालावा लागत नाही, कारण या शहराने कोणाला हाकलले आणि कोणाला पुन्हा सामावून घेतले, हे तिथल्या प्रार्थनास्थळांवरूनच कळते. बहुतेक प्रवासी शहराच्या बेलें या भागापासून सुरुवात करतात. आपण मात्र रोसियू चौकाजवळच्या साव दोमिंगुश चर्चपासून करावी, असे मी सुचवेन. १७५५ च्या भूकंपात हे चर्च उद्ध्वस्त झाले आणि पुन्हा उभारल्यावर १९५९ मध्ये आगीत होरपळले. दुरुस्ती करताना तडकलेले खांब आणि करपलेले दगड जाणूनबुजून तसेच ठेवले आहेत. सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची १५०६ मध्ये याच परिसरात कत्तल झाली, तिचे स्मारक बाहेरच्या चौकात २००८ मध्ये उभारले गेले. पुढे १९०४ मध्ये शहरात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बांधले गेले, पण कॅथलिक नसलेल्या प्रार्थनास्थळाचे तोंड रस्त्याकडे असू नये या नियमामुळे ते भिंतीआडच्या अंगणात आहे.

तिथून मोउरारिया ही वस्ती पायी काही मिनिटांवर आहे. ११४७ मध्ये ख्रिस्ती राजाने शहर जिंकल्यावर मुसलमानांना तटाबाहेर हीच जागा नेमून दिली होती. आज त्याच गल्ल्यांत बांगलादेशी, भारतीय आणि चिनी दुकाने आहेत, त्यामुळे डाळ-तांदूळ आणि मसाल्यांची चिंता करू नये.

सासूबाईंसाठी लुमियार भागातील राधाकृष्ण मंदिर आहे, आणि ते ज्या रस्त्यावर आहे त्याला महात्मा गांधींचे नाव दिलेले आहे. तिथल्या हिंदू समाजात मोझांबिक १९७५ मध्ये स्वतंत्र झाल्यानंतर आलेली गुजराती कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. मंदिराच्या आवारातच शाकाहारी भोजनालय असल्याने एका दुपारच्या जेवणाचा प्रश्न तिथेच मिटेल. वेळा मात्र आधी विचारून घ्याव्यात.

एरवी जेवताना सावध राहावे लागेल. ‘काल्दु व्हेर्द’ हे पालेभाजीचे सूप दिसायला निरुपद्रवी असले, तरी त्यात बहुधा डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती असते. आपल्या समोशाचा गोव्यामार्गे तिथे पोचलेला भाऊ ‘शामुसा’ कोणत्याही साध्या कॅफेत दिसतो, पण तोही बहुतेक वेळा मांसाचाच असतो. बेलेंचे प्रसिद्ध ‘पाश्तेल द नाता’ हे गोड पक्वान्न तर अंड्याच्या बलकावरच उभे आहे, म्हणून ते आपणच खावे. पाव मात्र निःशंक मागावा. आपला ‘पाव’ हा शब्द त्यांच्याच पोर्तुगीज ‘पाँव’वरून आलेला आहे आणि बटाट्याला तर ते ‘बताता’च म्हणतात.

बेलेंचा जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो. सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या या बांधकामाचा खर्च मुख्यतः पूर्वेकडच्या मसाल्यांच्या व्यापारावरील करातून भागवला गेला. वास्को द गामाचे थडगे मठाच्या चर्चमध्ये आहे. त्या नक्षीदार दगडांत मलबारच्या मिऱ्यांचा पैसा आहे, हे लक्षात ठेवून पाहिल्यास कौतुकाबरोबर थोडी अस्वस्थताही वाटते, आणि ती वाटावी.

संध्याकाळी फादो हे तिथले पारंपरिक गायन ऐकायला जाणार असाल, तर गाणे सुरू झाल्यावर कुजबुजसुद्धा चालत नाही, हे सासऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.

जूनमधील आणखी एक गोष्ट. १३ जून हा लिस्बनमध्येच जन्मलेल्या संत अँथनीचा सण असून, आदल्या रात्री आल्फामा आणि मोउरारियाच्या गल्ल्यांत ठिकठिकाणी सार्डिन मासळी भाजली जाते. त्या वासाचा त्रास होणार असेल, तर तिथे संध्याकाळऐवजी सकाळी जावे. त्या दिवसांत कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेल्या ‘मांझेरिकू’च्या कुंड्या विकायला येतात. ही वनस्पती आपल्या तुळशीच्याच कुळातली आहे. तिला थेट नाक लावायचे नाही, पानांवरून तळहात फिरवून हाताचा वास घ्यायचा, अशी तिथली रीत आहे. ती सासूबाईंना कोणी समजावून सांगावी लागणार नाही.