ऑनलाइन पाठ तपासताना

मॅडम, बी.एड.च्या छात्राध्यापकांचे ऑनलाइन पाठ पहिल्यांदाच तपासणार आहात, म्हणून सांगते. पाठ टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, आदल्या दिवशीच मागवून घ्या. पाठ सुरू असताना ते वाचत बसलात तर पाठच निसटतो. 2020 च्या टाळेबंदीत मी पीपीटीची सजावट बघून गुण द्यायचे. चुकलंच ते. पुढे प्रश्न विचारल्यावर शिकवणारी किती थांबते, हे मोजू लागले. एक छात्राध्यापिका दोन सेकंदांत स्वतःच उत्तर सांगून मोकळी व्हायची. अहो, मुलांना माइक सुरू करायलाच पाच-सहा सेकंद लागतात! तेवढं एकच तिला सांगितलं आणि पुढच्या पाठात चार मुलं बोलली. रेंज गेली म्हणून गुण कापू नका, पाठ पुन्हा घेऊ द्या. अभिप्राय त्याच संध्याकाळी फोनवर द्या. चॅटमध्ये सगळ्यांदेखत कधीच नको.