वाचक विचारतात: डॉलर खरंच बुडाला का?

प्रश्न: दादा, आमचे मिस्टर अबुधाबीला आहेत, पगार दिरहममधे. फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतोय की सौदीचा अमेरिकेशी असलेला ५० वर्षांचा पेट्रोडॉलर करार जून २०२४ मधे संपला, आता तेल डॉलरमधे विकणार नाहीत. दीर म्हणतात सगळे पैसे आत्ताच मागवून घ्या. घाबरायचं का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर: ताई, आधी दीरांना चहा द्या. तेल डॉलरमधेच विकायचं असा ५० वर्षांचा करार कधी झालाच नव्हता, तर संपणार कुठून? जून १९७४ मधे दोघांनी आर्थिक सहकार्याचं एक कमिशन नेमलं एवढं खरं, आणि त्याच वर्षी गुपचूप असंही ठरलं की सौदीने तेलाचा पैसा अमेरिकन सरकारी बाँडमधे टाकायचा, ते बाहेर आलं थेट २०१६ मधे. बाकी सगळा व्हॉट्सॲपचा मसाला.

डॉलरला टक्कर द्यायचे प्रयत्न मात्र झालेत. इराकच्या सद्दामने २००० मधे तेलाचे पैसे युरोत घ्यायला सुरुवात केली, २००३ मधे अमेरिकेच्या हल्ल्यात त्याची सत्ता गेली आणि परत डॉलर आला (युद्धच त्यासाठी झालं असं लोक म्हणतात, मला ते एवढं सरळ वाटत नाही). व्हेनेझुएलाने २०१८ मधे पेट्रो नावाची क्रिप्टो काढली, २०२४ मधे गुंडाळली. खरी मेख अशी आहे की तेल कुठल्याही पैशात विकता येतं हो, पण आलेला पैसा ठेवायचा कुठे आणि खर्चायचा कशावर? रशियाने आपल्याला तेल विकलं, इथल्या बँकांत रुपये साठले, आणि मे २०२३ मधे गोव्याला आलेले त्यांचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह म्हणाले की अब्जावधी रुपये पडून आहेत, ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील.

आणि गंमत म्हणजे एकेकाळी आखातात आपलाच रुपया चालायचा! दुबई, कतार, कुवेत, सगळीकडे. सोन्याचे स्मगलर इथले रुपये तिकडे न्यायचे, ते फिरून परत आले की आपल्याला पौंड मोजावे लागायचे, म्हणून १९५९ मधे आपल्या फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटाच काढल्या. पुढे कुवेतने १९६१ मधे स्वतःचं चलन आणलं, आणि जून १९६६ मधे आपण रुपयाची किंमत पाडली, डॉलर ४.७६ वरून साडेसातवर, तेव्हा दुबई, अबुधाबी, कतार सगळे पटापट सटकले. कोणी आंदोलन नाही केलं, कोणी रुपयाला आव्हान वगैरे नाही दिलं, भरवसा गेला आणि गिऱ्हाईक गेलं.

डॉलरचं तसं होईल का? २०२२ मधे युक्रेन युद्धावरून अमेरिका-युरोपने रशियाचे बाहेर ठेवलेले जवळपास ३०० अब्ज डॉलरचे साठे गोठवले तेव्हा बऱ्याच जणांच्या पोटात गोळा आला असणार. जगभरच्या मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा २००० च्या आसपास ७० टक्के होता, आता ६० च्या खाली आहे. म्हणजे झिजतोय, पण हळूहळू. आणि दिरहम तर १९९७ पासून ३.६७२५ ला डॉलरला बांधलेला आहे, त्यामुळे मिस्टरांचा पगार म्हणजे डॉलरच समजा. घरचा हप्ता, मुलांची फी याला लागतील तेवढे मागवा, दीरांच्या मेसेजवर नको.

प्रश्न: २०२३ मधे आपण अबुधाबीचं तेल रुपयात घेतलं ना, मग पेट्रोल स्वस्त का नाही झालं? (एक वाचक, परळ)

उत्तर: कारण भाव डॉलरमधेच ठरतो, त्या दिवशीच्या रेटने फक्त रुपये मोजले. हॉटेलात कॅश द्या नाहीतर यूपीआय करा, बिल तेवढंच. शिवाय तो सौदा होता १० लाख बॅरलचा, म्हणजे देशाचा जेमतेम पाच तासांचा खप. आणि पंपावर केंद्र-राज्याचा जो टॅक्स भरतो तो तर पहिल्यापासून रुपयातच आहे, तो या सौद्याने कुठे कमी होणार?