गॅरेज प्रश्नोत्तरे : ऑटोमॅटिक काढून हातगिअर बसवताना

प्रश्न : माझ्याकडे १९६६ ची फोर्ड मस्टँग आहे. २८९ घनइंचाचं, दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं इंजिन आणि सी-४ ऑटोमॅटिक. तिच्यात पाच गिअरचा टी-५ बसवायचा आहे. १९८० च्या दशकातल्या मस्टँगमधून काढलेला टी-५, त्याची बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी घंटेसारखी पेटी), फ्लायव्हील (इंजिनाच्या मागे फिरणारं जड चाक) आणि क्लच असा पूर्ण संच स्वस्तात मिळतो आहे. घेऊ का? (एक वाचक, डेट्रॉइटजवळ)

उत्तर : गिअरबॉक्स आणि बेल हाउसिंग जरूर घ्या, फ्लायव्हील मात्र तसंच बसवू नका. तुमच्या २८९ चं संतुलन २८ औंस-इंचाचं आहे. क्रँकचा (पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टचा) उरलेला तोल पुढचा डँपर आणि मागची फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असणारी पातळ तबकडी) मिळून सांभाळतात. संचातलं फ्लायव्हील ५.० लिटर इंजिनाचं असेल तर ते ५० औंस-इंचाचं असतं. ते बिनतक्रार बसतं, सगळे बोल्ट जुळतात आणि इंजिन सुरूही होतं. मग आरपीएम वाढतील तशी थरथर वाढत जाते आणि मुख्य बेअरिंगं मार खातात. २८ औंसचं, १५७ दात्यांचं फ्लायव्हील वेगळं घ्या.

आता बेल हाउसिंग. १९६५ मॉडेलपासून २८९ च्या ब्लॉकला बेलसाठी सहा बोल्ट आहेत, त्यामुळे ५.० ची बेल बसेल. त्यापूर्वीच्या ब्लॉकला पाचच बोल्ट असतात. गाडीतलं इंजिन कधी बदललेलं असू शकतं, म्हणून खाली वाकून बोल्ट मोजा. इंजिन आणि बेल यांच्यामध्ये येणारा पातळ पत्राही मॅन्युअलचाच हवा. पत्रा चुकला तर स्टार्टरचा पिनियन दात्यांवर नीट येत नाही. स्टार्टरही या बेलशी जुळतो का ते आधी तपासा, कारण सगळ्या स्टार्टरचं नाक सारखं नसतं.

पुढच्या कामाला बहुतेक लोक फाटा देतात, आणि नवा गिअरबॉक्स खराब होण्याचं एक मोठं कारण तेच असतं. क्लच चढवण्याआधी फ्लायव्हीलवर चुंबकी स्टँड लावून डायल गेज बसवा. बेलच्या मधल्या गोल भोकाच्या कडेवर गेजची सुई टेकवा आणि इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. पत्रा जागेवर असू द्या, बोल्ट पूर्ण कसलेले असू द्या. गेजवरचा एकूण फरक ०.०१० इंचाच्या आत हवा. फरक ०.०१६ आला, तर बेल त्याच्या निम्म्याने, म्हणजे ०.००८ इंच सरकलेली आहे. मग ब्लॉकमधल्या सरळ डॉवेल पिना (बेलची जागा पक्की करणाऱ्या) काढून ०.००७ इंच ऑफसेटच्या पिना घाला, फिरवून जुळवा आणि पुन्हा मोजा. ०.०१४ आणि ०.०२१ च्या पिनाही मिळतात. हे टाळलं तर इनपुट शाफ्ट रोज वाकडा दाब घेत फिरतो. आधी पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकात या शाफ्टचं टोक पेलणारं) जातं, मग गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. गिअर अडकून पडायला लागतात आणि आपण दोष क्लचला देत बसतो.

फ्लायव्हीलच्या बोल्टांची भोकं थेट क्रँककेसमध्ये उघडतात. आट्यांना सीलंट लावल्याशिवाय ते बसवू नका, नाहीतर ऑइल झिरपून नव्या क्लच प्लेटवर येईल. कसणी ७५ ते ८५ पाउंड-फूट, आडव्या-तिडव्या क्रमाने, तीन टप्प्यांत.

क्लच पेडलसाठी त्याच पिढीच्या मॅन्युअल गाडीचा पूर्ण पेडल-संच शोधा. ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल काढावं लागतं. डॅशखाली उताणं पडून करायचं हे काम आहे, समोरची सीट आधी काढलीत तर मान वाचेल. क्लच केबलने चालवणार असाल तर केबल जिथे फायरवॉलमधून जाते तिथे मागून जाड पट्टी लावा. तिथला पत्रा पातळ असतो, पेडल दाबलं की तोच वाकतो आणि क्लच पूर्ण सुटत नाही. केबल एक्झॉस्टपासून लांब ठेवा.

प्रॉपेलर शाफ्टची चिंता कमी आहे. सी-४ आणि टी-५ दोन्हींच्या आउटपुटला २८ स्प्लाइन (खाचा) असल्यामुळे तुमचा जुना योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक) चालेल. लांबी मात्र गिअरबॉक्स नव्या क्रॉसमेंबरवर बसल्यावर, गाडी चाकांवर उभी असताना मोजा. गिअरबॉक्स ‘वर्ल्ड क्लास’ प्रकारचा असेल तर त्यात डेक्सरॉन ऑटोमॅटिक फ्लुइड घाला, साधारण २.६ लिटर. जाड गिअर ऑइलने गिअरांचा वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगा काम करत नाहीत आणि थंडीत दुसरा गिअर पडता पडत नाही.

प्रश्न : गिअरबॉक्स बसला, पण आता चावी फिरवली तर स्टार्टर हूं की चूं करत नाही. बॅटरी नवी आहे. शिवाय इंजिन आयडलला अडखळतं.

उत्तर : सी-४ वर न्यूट्रल सेफ्टी स्विच होता. तो काढल्यावर स्टार्टर रिलेची लाल-निळी वायर तुटकी राहिली. दोन टोकं नुसती जोडली तर स्टार्टर फिरेल, पण गाडी गिअरमध्ये असतानाही फिरेल. तिथे क्लच पेडलवरचा स्विच घाला. रिव्हर्स लाइटची वायर टी-५ च्या स्वतःच्या स्विचवर न्या.

अडखळण्यासाठी इनटेक मॅनिफोल्ड बघा. सी-४ च्या मॉड्युलेटरला (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा त्याचा भाग) जाणारी व्हॅक्यूमची नळी उघडी राहिली असेल, तिथून हवा आत जाते आहे. टोपी लावून बंद करा. रेडिएटरच्या खालच्या टाकीतली ऑइल कूलरची दोन तोंडंही बंद करा, म्हणजे आत कचरा जाणार नाही.

प्रश्न : पाचव्या गिअरमध्ये ताशी ६० मैलांनी इंजिन कण्हतं. गिअरबॉक्स सदोष आहे का?

उत्तर : नाही, मागचा डिफरन्शियल जुनाच असणार. अशा ऑटोमॅटिक गाड्यांना बहुधा २.८० किंवा ३.०० चं गुणोत्तर असे. २.८० आणि २५ इंच उंचीचं टायर धरलं तर ६० मैलांना चौथ्यात सुमारे २,२५० आरपीएम येतात, पाचव्यात (गुणोत्तर ०.६८) जेमतेम १,५३५. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला त्यात ओढ नसते. ३.५५ चा संच घातलात तर पाचव्यात सुमारे १,९५० येतील. आमच्या मते टी-५ ची मजा डिफरन्शियल बदलल्यावरच आहे, तो खर्च सुरुवातीलाच धरायला हवा. त्याबरोबर स्पीडोमीटरचा छोटा गिअरही बदला : गिअरबॉक्समधल्या ड्राइव्ह गिअरचे दाते गुणिले डिफरन्शियल गुणोत्तर गुणिले टायरचे मैलाला फेरे, भागिले १,०००. ७ दाते, ३.५५ आणि ८०७ फेरे धरले तर उत्तर २०. ड्राइव्ह गिअर ७ चा की ८ चा, हे आधी मोजून घ्या.

प्रश्न : डॉज चार्जर आहे, तिच्यातला टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक काढून चार गिअरचा ए-८३३ हातगिअर बसवतो आहे. गिअरबॉक्स शेवटचं अर्धा-पाऊण इंच आत जातच नाही. बोल्टांनी ओढून घेऊ का?

उत्तर : अजिबात नाही. बोल्टांनी ओढलंत तर केसचे कान तुटतील किंवा क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर दाब येईल. फोर्डच्या २८९ चा क्रँक ऑटोमॅटिकमध्येही पायलट बेअरिंगसाठी तयार असतो. क्रायस्लरच्या (डॉज त्यांचीच) बऱ्याच ऑटोमॅटिक इंजिनांचे क्रँक त्या भोकापुरते अर्धवट सोडलेले असतात, तुमच्या शाफ्टचं टोक तिथेच टेकतं आहे. गिअरबॉक्स काढा, भोकाची खोली आणि व्यास मोजा. क्रँक बाहेर काढायचा नसेल तर कन्व्हर्टरच्या (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणाऱ्या) मोठ्या खोबणीत बसणारं रोलर बेअरिंग मिळतं. ते लावून शाफ्टचं टोक मोजून तेवढंच कापावं लागतं. इंजिन उघडलेलंच असेल तर मशीन शॉपमध्ये क्रँक पूर्ण बोअर करून घेणं चांगलं. चार गिअरच्या चार्जरचा मधला पत्राही उंच असतो, त्यामुळे जमिनीचा भाग कापून वेगळी कुबड वेल्ड करावी लागेल.

प्रश्न : काढलेला सी-४ विकला तर चालेल?

उत्तर : ठेवा. १९६६ च्या मस्टँगच्या दारावरच्या पट्टीवर गिअरबॉक्सचा कोड असतो : ६ म्हणजे सी-४, ५ म्हणजे चार गिअर. पुढे गाडी विकताना खरेदीदार ती पट्टी वाचणारच. सी-४, त्याची फ्लेक्सप्लेट, कन्व्हर्टर, बदलला असल्यास स्टार्टर आणि रुंद पेडल एकत्र बांधून, कन्व्हर्टर उभा न ठेवता आडवा ठेवा आणि सगळी तोंडं झाकून घ्या.