वाचक विचारतात : बर्फात उभा कॅम्पर

प्रश्न : पिकअपवरचा, छत वर उचलायचा आमचा कॅम्पर (गाडीवरची राहायची खोली) मनालीत उघड्यावर असतो. हिवाळाभर आम्ही मुंबईत. काय करून निघावं? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी पाणी. गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि पंप, नळ तडकवतं. टाकी, गीझर रिकामे करा. पंपात घोटभर उरतंच. त्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ (थंडीत न गोठणारं द्रव) नळातून रंगीत धार येईपर्यंत चालवा. रेडिएटरचं नको, ते बहुधा विषारी असतं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.७ व्होल्टपर्यंत भरून, काढून कुणाच्या घरात ठेवा. उतरलेली गोठून फुटते. उचललेल्या छताखालच्या भिंतींचं कापड कडकडीत वाळवूनच मिटा. शिवणीत ओल राहिली की बुरशीचे काळे ठिपके, आणि ते जात नाहीत! वर निळी ताडपत्री आवळू नका, आत दव धरतं. छतावरचा बर्फ झाडायला शेजाऱ्याला सांगून ठेवा.