ॲप स्टोअरने सबस्क्रिप्शनच्या विक्रीतून कमिशन घेणं योग्य आहे का?

तुम्ही विचारलंय, मॉलमध्ये गाळा घेतला की भाडं द्यावंच लागतं, मग ॲपल-गुगलची ॲप स्टोअर्स ॲपमधल्या विक्रीतून जे कमिशन कापतात त्याबद्दल एवढी ओरड का? मी स्वतः लहान मुलांसाठी मराठी ऑडिओ गोष्टींचं छोटं ॲप चालवतो. महिना ९९ रुपये वर्गणी. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या हिशेबाचा आहे.

माझं मत आधीच सांगतो. स्टोअरने कमिशन जरूर घ्यावं. पण ते कशाबद्दल आणि किती दिवस घ्यायचं याला मर्यादा हवी. आणि दुसरीकडून विकायचा रस्ता बंद करून घेतलेलं कमिशन मला मान्य नाही.

भाड्याची तुलना इथे नीट बसत नाही. गाळ्याचं भाडं सहसा चौरस फुटांवर ठरतं; काही मॉल विक्रीतला टक्काही घेतात, पण दर विक्रीला गल्ल्यातून पैसे कापून घेत नाहीत. जवळची तुलना अडतीची, म्हणजे बाजार समितीतल्या दलालाच्या कमिशनची आहे. माझे वडील टोमॅटो घेऊन बाजार समितीत जायचे. संध्याकाळी हातात पट्टी यायची: अडत, हमाली, तोलाई वजा जाऊन उरलेली रक्कम. अडत्यावर त्यांचा राग नव्हता. तो गिऱ्हाईक आणायचा, अडीअडचणीला उचल द्यायचा. राग होता तो समितीच्या आवाराबाहेर माल विकता येत नाही याचा. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला या बंधनातून मोकळा केला. त्यानंतर अडते काही नाहीसे झाले नाहीत, पण शेतकऱ्याला ‘मी दुसरीकडे जातो’ म्हणता येऊ लागलं.

स्टोअरने काय दिलं हेही प्रामाणिकपणे मांडायला हवं. ॲपलचं स्टोअर १० जुलै २००८ ला सुरू झालं तेव्हा ३० टक्के हा दर उदार वाटला होता. त्या काळी आपल्याकडे कॉलर ट्यून किंवा एसएमएस सेवा विकणाऱ्याच्या पैशातला मोठा वाटा मोबाइल कंपनीच ठेवून घ्यायची. स्टोअरने जगभरचं गिऱ्हाईक दिलं, पैसे गोळा करायची सोय दिली, फसवी ॲप्स चाळून काढायचं काम अंगावर घेतलं. ग्राहकाला एका जागी जाऊन वर्गणी बंद करता येते, हे तर मला फार मोलाचं वाटतं. माझ्या आईच्या फोनवर चुकून सुरू झालेली एक वर्गणी मी दोन मिनिटांत बंद केली. प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर ते इतकं सोपं नसतं.

आता सबस्क्रिप्शनकडे येऊ. २०११ मध्ये ॲपलने वर्गणीलाही ३० टक्के लावले, तेही दर महिन्याला. २०१६ मध्ये नियम बदलला आणि ग्राहक वर्षभर टिकला की पुढे १५ टक्के झाले. १ जानेवारी २०२२ पासून गुगलने वर्गणीवरचा दर पहिल्या दिवसापासूनच १५ वर आणला. ऐकायला १५ टक्के फार वाटत नाहीत. म्हणून माझा ढोबळ हिशेब बघा, कर बाजूला ठेवून. ९९ रुपयांतले साधारण ४५ लेखक, निवेदक आणि स्टुडिओला जातात. सर्व्हर आणि ॲपची देखभाल १५, जाहिरात १५. उरतात २४. कमिशन नफ्यावर लागत नाही, विक्रीवर लागतं, म्हणून त्या २४ मधले जवळपास १५ जातात आणि माझ्या हाती ९ पडतात. ज्याचा खर्च नगण्य आहे त्या गेमवाल्याला हेच १५ टक्के जाणवणारही नाहीत. ज्याच्या प्रत्येक रुपयात लेखकाचं आणि आवाजाचं मानधन आहे, त्याचं मात्र कंबरडं मोडतं.

आणि हे चौथ्या वर्षीही तसंच चालू राहतं. लातूरच्या एका बाई नातवासाठी चार वर्षं वर्गणी भरताहेत. त्यांना ॲपचा पत्ता शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून लागला, स्टोअरमध्ये शोधून नव्हे. दर महिन्याला त्या थांबतात, कारण मी दर आठवड्याला नवी गोष्ट देतो. या चौथ्या वर्षात स्टोअर करतं काय? दर महिन्याला पैसे कापून घेतं आणि पावती पाठवतं. हेच काम पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे गोळा करून देणारी सेवा) कार्डावर दोन टक्क्यांच्या आसपास करतो. यूपीआयवर तर २०२० पासून एमडीआर (व्यवहारामागे विक्रेत्याला बसणारं शुल्क) शून्य आहे, गेटवेची थोडी फी सोडली तर. हे काम ४–५ रुपयांचं असेल तर ४–५ रुपये घ्या, मी आनंदाने देईन.

दुसरी गोष्ट मला अजून पटलेली नाही. त्याच स्टोअरमधून उतरवलेल्या ॲपवरून तुम्ही जेवण मागवलं, टॅक्सी बोलावली, साडी घेतली, तर कमिशन शून्य. नियम फक्त डिजिटल मालाला. एखाद्या प्रकाशकाने ॲपवरून छापील कादंबरी विकली तर स्टोअर काही मागत नाही, तीच कादंबरी ई-पुस्तक म्हणून विकली की हिस्सा द्या. स्टोअरचे कष्ट दोन्हीकडे सारखेच. याच कारणाने ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या, म्हणजे किंडलच्या, आयफोन ॲपमधून २०११ मध्ये आणि अँड्रॉइड ॲपमधून २०२२ मध्ये पुस्तक विकत घ्यायची सोय गेली. वाचकाला ब्राउझर उघडून विकत घ्यायचं आणि परत ॲपमध्ये येऊन वाचायचं, असा द्राविडी प्राणायाम करावा लागला.

भारतात हे प्रकरण चांगलंच तापलं होतं. २५ ऑक्टोबर २०२२ ला स्पर्धा आयोगाने गुगलला प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणाबद्दल (ॲपमधले पैसे गुगलच्याच यंत्रणेतून घ्यायची सक्ती) ९३६.४४ कोटींचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपिलात तो २१६.६९ कोटींवर आला. आयोगाने यूट्यूबचा मुद्दाही धरला होता: इतरांना जी बिलिंग पद्धत सक्तीची, ती गुगलच्या स्वतःच्या ॲपला मात्र नाही. पुढे गुगलने दुसरी बिलिंग पद्धत वापरायची मुभा दिली, पण फीमध्ये सूट फक्त ४ टक्क्यांची. म्हणजे १५ चे ११ झाले. गेटवेचे पैसे आणि त्यावरचा जीएसटी त्यात मिळवला की पदरात फारच थोडं उरतं.

मग १ मार्च २०२४ ला शादी, भारत मॅट्रिमनी, कुकू एफएम, नोकरी अशी ठाऊक असलेली ॲप्स फीच्या वादावरून प्ले स्टोअरमधून काढली गेली. केंद्र सरकार मध्ये पडलं आणि काही दिवसांत ती परत आली. त्या दिवशी मला झोप लागली नाही. त्यांच्यासाठी मंत्री बोलले, माझ्यासारख्याचं ॲप गेलं असतं तर कोण बोललं असतं? अँड्रॉइडवर बाहेरून ॲप टाकता येतं हे खरं, पण धोक्याचे इशारे ओलांडून ते करणारे आजी-आजोबा मी पाहिलेले नाहीत.

सगळ्यात जास्त सलतो तो गप्प बसवण्याचा नियम. ‘आमच्या वेबसाइटवर हेच स्वस्त आहे’ एवढंही अनेक देशांत ॲपमध्ये लिहायचं नाही. गाण्यांचं ॲप चालवणाऱ्या स्पॉटिफायच्या तक्रारीवर युरोपियन आयोगाने मार्च २०२४ मध्ये ॲपलला १.८ अब्ज युरोंहून जास्त दंड केला तो नेमका यासाठी. अमेरिकेत एपिक या गेम कंपनीने ॲपलवर केलेल्या खटल्यात २०२१ ला न्यायालयाने बाहेरच्या लिंकवरची बंदी उठवायला सांगितलं, तर ॲपलने त्या लिंकवरून होणाऱ्या विक्रीवर २७ टक्के लावले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायाधीशांनी हा आदेशाचा भंग असल्याचं ठरवलं.

मला पटेल असा व्यवहार असा: स्टोअरने शोधून दिलेल्या ग्राहकावर पहिल्या वर्षी १५ टक्के घ्या. पुढच्या नूतनीकरणावर पैसे गोळा करायचा खरा खर्च आणि थोडा नफा घ्या. बाहेरचा भाव सांगू द्या. आणि स्वतःच्या ॲपला तोच नियम लावा.

तुम्ही स्वतः वर्गणी घेणार असाल तर एक करा. ॲपमधलं बटण दाबण्याआधी त्या कंपनीच्या वेबसाइटवरचा भाव बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतात ट्विटर ब्लू (ट्विटरची, म्हणजे आताच्या एक्सची, वर्गणीची सेवा) आलं तेव्हा फोनवर महिना ९०० रुपये होते आणि वेबवर ६५०. ९०० मधून ३० टक्के काढले तर ६३० उरतात.